गॅसचा रेग्युलेटर आणि तळ्यातला श्वास

पार्सल उघडून मी ते ओट्याच्या कोपऱ्यात ठेवलं, तेव्हा आई आमटीला फोडणी देत होती. मुठीएवढा चकचकीत धातूचा गोळा, त्यातून फुटलेल्या चार काळ्या नळ्या, एका नळीच्या टोकाला काट्याचं घड्याळ, दोन नळ्यांना तोंडात धरायचे रबरी तुकडे. तिने चष्म्यावरून एकदा पाहिलं आणि विचारलं, "हा काय गॅसचा रेग्युलेटर? एवढा मोठा?"

नाही, हा पाण्याखाली श्वास घ्यायचा स्कूबाचा रेग्युलेटर, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि थांबलो, कारण ती बरोबर होती. नुसती दिसण्यापुरती नाही, इतिहासानेही.

१९४२च्या डिसेंबरात पॅरिस जर्मनांच्या ताब्यात होतं आणि पेट्रोल मिळत नव्हतं. 'एअर लिक्विड' या वायूंच्या कंपनीतले इंजिनियर एमिल गान्यां मोटारी गॅसवर चालवता याव्यात म्हणून एक व्हॉल्व्ह बनवत होते. इंजिनाने ओढला की लागेल तेवढाच गॅस सोडायचा, ओढणं थांबलं की बंद, एवढंच त्याचं काम. फ्रेंच नौदलातले जॅक कुस्तो त्यांच्याकडे वेगळीच मागणी घेऊन आले. पाण्याखाली माणसाने ओढला की लागेल तेवढाच श्वास सोडणारं काहीतरी त्यांना हवं होतं. गान्यांनी आपला व्हॉल्व्ह पुढे केला. थोडे फेरफार करून काही आठवड्यांत पहिली चाचणी झाली, तीही समुद्रात नव्हे, पॅरिसजवळच्या मार्न नदीत, गोड्या पाण्यात. कुस्तो आडवे पोहत होते तोवर सगळं ठीक चाललं. उभे राहिले की हवा नुसती वाहून जायची आणि डोकं खाली केलं की ओढता ओढली जाईना. उच्छ्वास बाहेर टाकणारी झडप आणि श्वास देणारा पडदा यांच्या पातळीत वीतभर फरक होता, तेवढ्यानेच सगळा घोटाळा केला होता. दोन्ही एका पातळीवर आणले आणि १९४३च्या उन्हाळ्यात भूमध्य समुद्रात ते यंत्र नीट चाललं. आज मालवणात पर्यटकांच्या तोंडात जे असतं ते त्याचंच नातवंड आहे.

म्हणून रेग्युलेटर कसा चालतो हे समजून घ्यायला आधी स्वयंपाकघरातच थांबू. (फक्त बघायचं, उघडायचं नाही.) सिलिंडरमध्ये गॅसचा दाब बाहेरच्या हवेच्या पाच-सातपट असतो. शेगडीला मात्र हवेच्या दाबाहून जेमतेम तीन टक्के जास्त दाब पुरतो. मधली ती चपटी तबकडी हा उतार सांभाळते. तिच्या आत एक रबरी पडदा, पडद्यावर स्प्रिंग आणि पडद्याला जोडलेली एक छोटी झडप असते. खालून गॅस पडद्याला वर ढकलतो, वरून स्प्रिंग खाली दाबते. गॅस वापरला गेला की पडदा खाली येतो, झडप उघडते, पुन्हा गॅस भरतो. तबकडीच्या झाकणावर टाचणी जाईल एवढं एक छिद्र असतं. बहुतेकांना ते बिनकामाचं वाटतं. पण त्याच छिद्रातून बाहेरची हवा आत जाऊन पडद्याच्या पाठीवर बसते. बाहेर किती दाब आहे हे रेग्युलेटरला त्या छिद्रातून कळतं.

आता हाच रेग्युलेटर मनातल्या मनात पाण्याखाली न्या. छिद्रातून हवेऐवजी पाणी आत येईल. जितकं खोल जाल तितकं पाणी पडद्यावर जास्त दाबेल आणि तितक्याच जास्त दाबाचा वायू बाहेर पडेल. स्कूबाच्या रेग्युलेटरचं सगळं मर्म या छिद्रात आहे. आणि तळ्यात उतरणाऱ्या माणसाने कुठला घ्यावा, कुठला घेऊ नये, हा प्रश्नही फिरून याच छिद्रापाशी येतो.

एक गोष्ट करून बघण्यासारखी आहे. पोहण्याच्या तलावात हातभर नळी तोंडात धरून उथळ पाण्यात बसा. वीतभर खाली श्वास येतो, हातभर खाली छाती जड होते, त्याहून खाली नळी कितीही लांब असली तरी श्वास ओढता येत नाही. एक मीटर खोलीवर छातीच्या एका चौरस फुटावर सुमारे ९३ किलो पाण्याचा भार असतो आणि फुफ्फुसात मात्र नळीतून आलेली, वरच्याच दाबाची हवा. बरगड्यांचे स्नायू ही लढाई हरतात. जुन्या कथांमधली बोरूची नळी तोंडात धरून तळ्याच्या तळाशी लपलेली माणसं म्हणूनच कथांमध्येच राहिली. पाण्याखाली श्वास घ्यायचा तर हवाही भोवतालच्या पाण्याच्याच दाबाची हवी आणि खोली बदलली की तिनेही लगेच बदलायला हवं.

हे काम रेग्युलेटर दोन पायऱ्यांत करतो. सिलिंडरच्या तोंडावर बसतो तो धातूचा गोळा म्हणजे पहिली पायरी, फर्स्ट स्टेज. भरलेल्या सिलिंडरात २०० बार दाब असतो, म्हणजे हवेच्या दाबाच्या दोनशेपट. फर्स्ट स्टेज तो उतरवून भोवतालच्या पाण्याच्या दाबापेक्षा नऊ-दहा बार जास्त एवढ्यावर आणतो. तोंडात धरायची डबी ही दुसरी पायरी, सेकंड स्टेज. तिच्यात सिलिकॉनचा पातळ पडदा असतो. श्वास ओढला की पडदा आत येतो, एका लिव्हरवर टेकतो, लिव्हर झडप उघडते. ओढायला लागणारा जोर किती? स्ट्रॉने दोन-तीन सेंटिमीटर सरबत वर खेचायला लागेल तेवढा. श्वास सोडला की पडदा मागे जातो, झडप मिटते आणि खालच्या रबरी पाकळीतून बुडबुडे बाहेर पडतात. एवढंच. यात बॅटरी नाही, वायर नाही, चिप नाही.

मी राहतो चिखलोलीला, अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधोमध. आतापर्यंत आमची ओळख धरणाने व्हायची, आता होऊ घातलेल्या रेल्वे स्टेशननेही होते. स्कूबाचं सामान घेतलंय म्हटल्यावर सोसायटीत पहिला प्रश्न तोच आला: "मग काय, आता धरणात उतरणार?" नाही. चिखलोली धरणाचं पाणी अंबरनाथच्या नळांना जातं. बारवी धरण एमआयडीसीचं, त्यावर आसपासच्या किती शहरांचे हंडे भरतात. पिण्याच्या पाण्याच्या साठ्यात उतरायचं नसतं, आणि पावसाळ्यात सांडवा वाहायला लागल्यावर तिथे जमणाऱ्या गर्दीत तर मुळीच नाही. कोंडेश्वरची कुंडं बघायला सुंदर आहेत. तिथून दर पावसाळ्यात येणाऱ्या बुडण्याच्या बातम्या इथल्या प्रत्येकाने वाचलेल्या आहेत.

या भागात खरे पाणबुडे लोकांच्या लक्षात आहेत ते २७ जुलै २०१९चे. उल्हास नदीचं पाणी रुळांवर आलं आणि बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली. एनडीआरएफ, नौदल, स्थानिक लोक असे सगळे धावले, हजारावर प्रवासी सुखरूप बाहेर आले. नौदलाच्या पथकांत डायव्हरही होते. पण पुराच्या गढूळ पाण्यात उतरणारा जवान आणि रविवारी हौसेने तळ्यात उतरणारा मी, आमच्या गरजा एक नाहीत. ही सरमिसळ झाली की दुकानदार तुम्हाला जवानाचा रेग्युलेटर विकतो.

महाराष्ट्रात हौशी डायव्हिंग म्हणजे अजूनही तारकर्ली-मालवण, नाहीतर पुढे गोवा. एमटीडीसीची स्कूबा प्रशिक्षण संस्था तारकर्लीलाच आहे. गोड्या पाण्यातलं हौशी डायव्हिंग तुरळक आहे. मी केलं ते ओळखीच्यांच्या मालकीच्या, पाण्याने भरलेल्या जुन्या दगडखाणीत, प्रशिक्षक सोबत आणि काठावर दोर धरलेला माणूस. खोली अकरा मीटर. पहिल्या तीन मीटरपर्यंत हिरवा उजेड, खाली चहासारखा रंग आणि तळाशी, हात लांब केला तर बोटं दिसेनात. काळ्या कातळाच्या भिंतीवर सुरुंगाची भोकं अजून तशीच होती. आमच्या भागात तळ्यात उतरायचं म्हणजे साधारण हे असंच. प्रवाळ नाही, रंगीत मासे नाहीत, आहे तो गाळ.

या अकरा मीटरचा हिशेब मांडला की महागाचा निम्मा मोह तिथेच उतरतो. पाण्यात दर दहा मीटरला एक बार दाब वाढतो (गोड्या पाण्याला त्याहून किंचित जास्त खोली लागते, कारण ते खाऱ्यापेक्षा हलकं). म्हणजे अकरा मीटरवर एकूण दाब दोन बारच्या जरासा वर. तिथली हवा वरच्या हवेच्या दुप्पट दाट. तीस मीटरवर ती चौपट दाट होते. दाट हवा नळ्या-झडपांतून ओढणं कष्टाचं असतं आणि महागडे रेग्युलेटर पैसे घेतात ते मुख्यतः हे कष्ट कमी करण्याचे. युरोपात 'ईएन २५०' नावाचं मानक आहे. त्यात रेग्युलेटर ५० मीटर खोलीच्या दाबाखाली, मिनिटाला ६२.५ लिटर श्वासाच्या वेगाने तपासला जातो. इतक्या जोराने माणूस धापा टाकतानाच श्वास घेतो. चांगल्या कंपनीचा अगदी तळाचा, स्वस्तातला रेग्युलेटरही ही परीक्षा देऊन आलेला असतो. नवशिक्या परवान्याची मर्यादा १८ मीटर. पन्नास मीटरवर पास झालेल्याला अकरा मीटरवर काय जड जाणार?

स्वस्त आणि महाग यांतला मुख्य फरक दुकानात 'बॅलन्स्ड' आणि 'अनबॅलन्स्ड' या शब्दांनी सांगितला जातो. ऐकायला वाटतं, अनबॅलन्स्ड म्हणजे काहीतरी डळमळीत. तसं नाही. साध्या, अनबॅलन्स्ड पिस्टनच्या फर्स्ट स्टेजमध्ये हलणारा भाग एकच, पिस्टन. त्याच्या एका बाजूला स्प्रिंग आणि छिद्रांतून आलेलं पाणी, दुसऱ्या बाजूला पुढे गेलेल्या हवेचा दाब. सिलिंडरचा दाबही त्याच्या टोकाला थेट ढकलत असतो, झडप उघडण्याच्या दिशेने. सिलिंडर भरलेला असताना हा धक्का जास्त, रिकामा होत आला की कमी. त्यामुळे डाइव्हच्या शेवटी शेवटी श्वास किंचित जड होतो. बॅलन्स्ड रचनेत सिलिंडरचा हा धक्का दोन्ही बाजूंनी सारखा करून खोडून टाकलेला असतो, म्हणून पहिला श्वास आणि शेवटचा श्वास सारखेच. खोल जाणाऱ्याला, प्रवाहाविरुद्ध पोहणाऱ्याला, एका फर्स्ट स्टेजवर दोघांनी श्वास घ्यायची वेळ येऊ शकणाऱ्याला हे मोलाचं आहे. खाणीच्या तळ्यात अकरा मीटरवर, सिलिंडरमध्ये ५० बार शिल्लक असतानाच वर येणाऱ्या माणसाला तो फरक शोधावा लागतो. मी शोधला, मला नीटसा सापडला नाही.

आणखी एक गोष्ट साध्या पिस्टनच्या बाजूने आहे, ती फारसं कोणी सांगत नाही. हा रेग्युलेटर सहसा बिघडतो तो उघडण्याच्या बाजूला. झडप मिटताना जिथे टेकते ती सीट झिजली, स्प्रिंग थकली, तर हवा थांबत नाही, सुसाट वाहू लागते. वाहत्या हवेतूनही श्वास घेत वर येता येतं आणि ते प्रशिक्षणात शिकवतात.

नावंच हवी असतील तर स्कूबाप्रोचा एमके २, क्रेस्सीचा एसी २, मारेसचा आर २ एस ही साध्या पिस्टनची वर्षानुवर्षं चाललेली घराणी. प्रशिक्षण केंद्रांतही हीच बहुधा दिसतात, आणि शिकाऊ माणसांच्या दातांखाली वर्षभर चावली जाणारी वस्तू मला जाहिरातीपेक्षा जास्त विश्वासाची वाटते. परदेशी दुकानांत फर्स्ट आणि सेकंड स्टेजची अशी जोडी दोनशे ते चारशे डॉलरच्या घरात पडते. आपल्याकडे त्यावर आयातीचा खर्च आणि कर चढतात. सोबत्यासाठीची दुसरी डबी आणि दाबाचं घड्याळ वेगळं. बॅलन्स्ड, सीलबंद पडद्याचे रेग्युलेटर याहून बरेच महाग असतात.

आता पुन्हा त्या छिद्राकडे. समुद्रात या छिद्रांतून मीठ आत जातं, तळ्यात गाळ. साध्या पिस्टनच्या फर्स्ट स्टेजच्या कंबरेवर ही छिद्रं गोलाकार दिसतात, आत डोकावलं तर स्प्रिंग दिसते. खाणीतल्या त्या डाइव्हनंतर मी घरी बादलीत रेग्युलेटर बुडवला तर या छिद्रांतून तपकिरी धूर निघावा तसा गाळ निघत राहिला, तीन बादल्या बदलेपर्यंत. काही महागड्या रेग्युलेटरमध्ये बाहेर आणखी एक पडदा लावून ही स्प्रिंगची जागा सीलबंद केलेली असते. पाण्याचा दाब आत पोचतो, पाणी पोचत नाही. दुकानदाराचं म्हणणं असतं की गाळाच्या पाण्यात हाच हवा. जो माणूस रोज चिखलात उतरतो, शोधपथकात आहे, तळाला लागूनच काम करतो, त्याच्यासाठी मी मान्य करीन. महिन्यातून एकदा उतरणाऱ्याने ते पैसे पोहणं सुधारण्यावर घालवावेत. तळाला गुडघे टेकायचे नाहीत, पायांचे पंखे खाली हाणायचे नाहीत, गाळ उठवायचाच नाही. आणि बाहेर आल्यावर तासाभरात गोड्या पाण्यात बुडवून ठेवायचं. गाळ ओला असतो तोवर धुऊन निघतो, वाळला की त्याची खरवड होते.

गाळाचा खरा त्रास फर्स्ट स्टेजपेक्षा तोंडातल्या डबीत होतो. उच्छ्वास सोडणाऱ्या रबरी पाकळीखाली वाळूचा कण किंवा कुजक्या पानाचा तुकडा अडकला की ती पूर्ण मिटत नाही आणि दर श्वासाबरोबर चमचाभर पाणी तोंडात येतं. पहिल्यांदा असं झालं तेव्हा माझा धीर सुटत आला होता. प्रशिक्षकाने पुढची बटणासारखी जागा दाबून दाखवली, हवेचा झोत सुटला, कण उडाला, झालं. सेकंड स्टेज घेताना हे बटण हातमोज्यातूनही सापडतंय का आणि पुढचं झाकण हाताने उघडून आतला पडदा धुता येतो का, एवढं बघून घ्या. तळ्यासाठी मी याला चकाकीपेक्षा जास्त किंमत देतो.

थंडीचा मुद्दा आपल्याकडे जवळजवळ बाद आहे. तरी तो समजून घेतला पाहिजे, कारण रेग्युलेटरच्या किमतीत तो दडलेला असतो. सायकलच्या ट्यूबची हवा सोडली तर बोटाला गार लागते. दोनशे बारची हवा दहा बारला उतरताना फर्स्ट स्टेज असाच गार पडतो. पाणी कोमट असेल तर ते त्याला ऊब देत राहतं. पाणीच चार-पाच अंशांचं असेल तर छिद्रातलं पाणी गोठतं, बर्फ स्प्रिंगला धरून ठेवतो आणि हवा धो धो वाहू लागते. इंग्लंडमध्ये लेस्टरजवळ स्टोनी कोव्ह नावाची पाण्याने भरलेली खाण आहे, तिथल्या कित्येक डायव्हरांची पहिली बुडी त्याच तळ्यात होते. लेस्टरला राहणाऱ्या मावसभावाला मी माझा स्वस्त पिस्टनवाला कधीच सुचवणार नाही. त्याला हिवाळ्यात उतरायचं तर थंड पाण्याचाच रेग्युलेटर हवा. ईएन २५० खाली जो थंडीत तपासलेला नसतो त्याच्यावर 'दहा अंशांहून अधिक' अशी खूण असते. कोकण-घाटावरच्या आपल्या तळ्यांना ती खूण चालते. इथे बसून 'आर्क्टिक' नावाचं मॉडेल घेणं म्हणजे बदलापूरला लोकरीची कानटोपी घालून लोकल पकडणं.

घाटावरच्या तलावात उतरायचं असेल तर मात्र रेग्युलेटर नव्हे, डाइव्हचं कोष्टक बदलतं. पवना, मुळशी हे दोन्ही समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास. वरची हवाच विरळ असल्याने शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनचा हिशेब समुद्रासारखा धरता येत नाही. तीनशे मीटरच्या वर गेलं की उंचीचं वेगळं कोष्टक वापरायचं किंवा डाइव्ह कॉम्प्युटरला उंची कळवायची. शिवाय गोड्या पाण्यात माणूस कमी तरंगतो. सामानासकट नव्वद किलोच्या माणसाने समुद्रात लावतो त्यापेक्षा साधारण सव्वादोन किलो शिसं काढून ठेवलं तरच तो तळाला जाऊन आपटत नाही. आणि आपटला की गाळ आलाच.

खरेदीत सगळ्यात जास्त फसवणूक होते ती कुठे, याबद्दल माझं मत ठाम आहे: सुट्या भागांत. आमच्या बाजूला उल्हासनगर आहे. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद तिथलेच लोक हसत सांगतात. फाळणीनंतर छावणीच्या बराकींत येऊन पडलेल्या माणसांनी उभा केलेला हा बाजार, तिथे काय मिळत नाही? जीन्सपासून मिक्सरच्या भांड्यापर्यंत मीही तिथूनच घेतो आणि बिघडलं तर चार दुकानं सोडून दुरुस्त करून घेतो. रेग्युलेटरला हे शेवटचं वाक्य लागू पडत नाही. इंटरनेटवर अनोळखी नावाचे, अर्ध्या किमतीचे रेग्युलेटर मिळतात. पितळ त्यांचंही पितळच असतं, क्रोमही चढवलेलं असतं. अंबरनाथच्या कुठल्याही टर्नरच्या हातात दिलं तर तो सांगेल की कातकाम वाईट नाही. पण वर्षाने त्याची सीट, त्याचे ओ-रिंग, त्याचा फिल्टर कुठून आणणार? नामांकित कंपन्या सर्व्हिस किट देतात आणि साधारण वर्षाला किंवा शंभर डाइव्हला सर्व्हिस करा असं सांगतात. काहींची मुदत दोन वर्षांची असते. म्हणून दुकानात पहिला प्रश्न किमतीचा नको. "याचं सर्व्हिसिंग मुंबई-पुणे-गोव्यात कोण करतं, आणि किट त्याच्याकडे आत्ता आहे का?" हा विचारा. उत्तर "मागवता येईल" असं आलं तर पुढे सरका. साधा पिस्टन इथेही जिंकतो, त्याच्या किटमध्ये भाग कमी, म्हणून सर्व्हिसिंगही स्वस्त. पाच वर्षांचा हिशेब मांडला की कित्येकदा सर्व्हिसिंगचाच खर्च खरेदीच्या किमतीजवळ पोचतो.

जुना घेणार असाल तर मी शिकलेला धडा फुकट देतो. माझा पहिला रेग्युलेटर जुनाच होता, "फक्त दहा डाइव्ह झालेत" असं सांगून गळ्यात मारलेला. सर्व्हिस करणाऱ्याने सिलिंडरला जोडायचं तोंड माझ्यासमोर धरलं. तिथे धातूची जाळीदार टिकली असते, तोच फिल्टर. तो चंदेरी असायला हवा. माझा हिरवा होता, पूजेच्या तांब्यावर चढतो तसा. हिरवा म्हणजे पाणी आत शिरलंय. लालसर तपकिरी म्हणजे लोखंडी सिलिंडरचा गंज. काळा म्हणजे कॉम्प्रेसरच्या गाळणीतला कोळसा. डोळ्यांनी दिसणारा हा एवढा पुरावा मी खिसा हलका करण्याआधी पाहिला नव्हता. दुसरी तपासणीही सोपी आहे. सिलिंडरला न जोडता, तोंडावर झाकण घट्ट लावून डबीतून श्वास ओढायचा. काहीच यायला नको. हवा येत असेल तर पडदा, पाकळी किंवा नळी कुठेतरी फाटलीय. नळ्या दोन्ही टोकांना वाकवून बारीक भेगा बघायच्या. आणि सिलिंडरला जोडल्यावर मधला दाब, म्हणजे फर्स्ट स्टेजमधून पुढे जाणारा, गेजने बघायचा. काटा चढून एका जागी थांबला तर सीट ठीक. हळूहळू चढतच राहिला तर सीट गेलेली, मग तो कितीही गोड श्वास देवो.

काटकसर कुठे करू नये? दुसऱ्या, पिवळ्या डबीत. सोबत्याची हवा संपली तर त्याने ओढायची ती हीच, आणि गढूळ पाण्यात तो ती डोळ्यांनी नाही, चाचपडून शोधणार. ती लोंबत ठेवली तर तळाचा गाळ ओढत येते, म्हणून छातीवर क्लिपमध्ये अडकवायची. आणि दाबाच्या घड्याळात. नेहमीच्या ॲल्युमिनियमच्या सिलिंडरात, तो २०० बार भरला तर, सुमारे २,२०० लिटर हवा मावते. शांत माणूस वर मिनिटाला वीस लिटर घेतो असं धरलं तर दहा मीटरवर चाळीस. पन्नास बार राखीव ठेवले तर हातात साधारण चाळीस मिनिटं. हा सगळा हिशेब त्या काट्यावर चालतो आणि काळोख्या पाण्यात काटा वाचता आला पाहिजे, म्हणून अंधारात उजळणारी मोठी तबकडी घ्या.

सिलिंडर मात्र विकत घेऊ नका, भाड्याने घ्या. उच्च दाबाचे सिलिंडर स्फोटक विभागाच्या नियमांखाली येतात. या विभागाचं, म्हणजे 'पेसो'चं, मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. ठरावीक मुदतीने दाबचाचणी, मंजूर व्हॉल्व्ह, भरण्याची सोय हे सगळं सामान्य माणसाच्या आवाक्यातलं नाही, आणि भरलेला सिलिंडर घेऊन बदलापूर लोकलमध्ये चढायचं तर नाहीच. भाड्याचा सिलिंडर म्हणजे त्याचा व्हॉल्व्ह कुठल्या प्रकारचा ते आधी विचारायचं. आपल्याकडच्या केंद्रांत बहुधा 'योक', म्हणजे कसून आवळायचा शिकंजा, चालतो. 'डिन' म्हणजे आट्यांनी फिरवून बसणारा. तो जास्त बंदिस्त, पण सगळीकडे बसत नाही. मी योक घेतला.

इतकं सगळं आईला सांगून झालं. ती आमटी उतरवून ऐकत होती, निदान तसं दाखवत तरी होती. मग म्हणाली, "याचा वायसर कुठे?" आमच्याकडे दर सिलिंडरला हा प्रश्न असतो. गॅसवाला सील काढतो, ती आधी बोटाने चाचपते, आतला रबरी वायसर जागेवर असला तरच त्याला जायची परवानगी. स्कूबाच्या योक व्हॉल्व्हच्या तोंडातही अगदी तसाच एक ओ-रिंग असतो, रेग्युलेटरवर नाही, सिलिंडरवर. भाड्याच्या सिलिंडरावर तो कधी चिरलेला असतो, कधी नसतोच. पहाटे चारला उठून, शंभर किलोमीटर जाऊन, सूट घालून उभं राहिल्यावर व्हॉल्व्ह उघडला की फुस्स.

औषधाच्या गोळ्यांची रिकामी डबी तिनेच कपाटातून काढून दिली. त्यात आता सहा ओ-रिंग असतात. रेग्युलेटर धुण्याआधी तोंडाचं धूळझाकण पुसून कोरडं करून लावतो, धुताना समोरचं बटण दाबत नाही, नाहीतर पाणी नळीतून उलटं फर्स्ट स्टेजपर्यंत जातं आणि पुन्हा तोच हिरवा फिल्टर. मग सावलीत, नळ्यांना घडी न घालता, बाल्कनीतल्या दोरीवर. परवा गॅसवाला आला, त्याने वर पाहिलं आणि विचारलं, "कुठल्या कंपनीचं कनेक्शन?"